बाहुलीवर टॉर्च मारताना या चुका टाळा

'दोन्ही बाहुल्या समान, प्रतिसाद चांगला.' केसपेपरवर हे वाक्य सवयीनं उतरतं. आपल्याकडे फवारणीची विषबाधा, सर्पदंश, मोटारसायकलचे अपघात, मोतीबिंदू हे रोजचंच आहे, आणि या सगळ्यांत बाहुली महत्त्वाची खबर देते. पण उजेड, नजर आणि औषध या तिन्हींचा हिशेब न करता पाहिलेली बाहुली फसवते. म्हणून उपकेंद्रातल्या आणि ग्रामीण रुग्णालयातल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात जास्त चुका व्हरांड्यात होतात. भर उन्हात बाहुली आधीच दोन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, टॉर्चनं ती आणखी किती आकसणार? रुग्णाला आतल्या खोलीत न्या, पडदा ओढा, जरा थांबा. आपल्या लोकांची बुबुळं गडद असतात, अंधारात बाहुलीची कड दिसत नाही. त्यासाठी हनुवटीच्या बाजूनं मंद उजेड ठेवा. मोबाइलचा झोत पसरट असतो, दोन्ही डोळ्यांवर एकदम पडतो. पेनटॉर्च नसेलच तर नाकाच्या दांड्यावर हात आडवा धरा. टॉर्च समोरून आणू नका. रुग्ण त्याच्याकडेच पाहतो, आणि जवळ पाहिलं की बाहुली उजेडाशिवायही आकसते. "काकाजी, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहा जी," एवढं सांगितलं की काम होतं.

आता ही क्रिया घडते कशी ते पाहू. उजेडाचा संदेश दृष्टीच्या, म्हणजे दुसऱ्या मज्जातंतूतून मध्यमेंदूत जातो. तिथून तो दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या मज्जातंतूंना मिळतो, म्हणून उजेड एका डोळ्यावर पडला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात. याचाच उपयोग करून झोत या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्यायचा, प्रत्येकावर दोन-तीन सेकंद ठेवायचा. ज्या डोळ्याची दृष्टीची नस दुखावली आहे, त्याच्यावर झोत येताच दोन्ही बाहुल्या आकसण्याऐवजी मोठ्या होतात. एकेक डोळा सुटा तपासला तर हा दोष हमखास निसटतो.

"उजव्या डोयानं काहीच दिसून नाही राह्यलं," म्हणत आजी येते. डोळ्यात पांढरा मोती दिसतो, बाहुलीही मंद वाटते. 'मोतीबिंदू पिकलाय, त्यामुळे असेल' असं इथं म्हणू नका. पिकलेल्या मोतीबिंदूतूनही बाहुली आकसण्यापुरता उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पोचतो. झोत फिरवल्यावर तो डोळा मागं पडत असेल, म्हणजे त्याच्यावर झोत येताच बाहुल्या मोठ्या होत असतील, तर काचबिंदू, पडदा सरकणं किंवा नसेचा आजार शोधायला हवा. नाहीतर ऑपरेशन उत्तम होतं आणि आजीला दिसत मात्र नाही. ही तपासणी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्यापूर्वीच करायची. थेंब घातले असतील तर औषधाचं नाव आणि वेळ लिहा.

२०१७ च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले, तेव्हापासून टाचणीच्या टोकाएवढी बाहुली म्हणजे कीटकनाशक हे सगळ्यांना माहीत झालं. लक्षण खरं आहे, पण बाहुली नेहमीएवढी किंवा मोठी असली म्हणून ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाची विषबाधा नाही असं ठरत नाही. दुसरी चूक या विषावरचा उतारा असलेलं अ‍ॅट्रोपिन देताना होते. बाहुली मोठी झाली म्हणजे डोस पुरला, असं समजू नका. छातीतली घरघर थांबली का, नाडी ८० च्या वर गेली का, रक्तदाब सावरला का, यावर डोस ठरतो. आणि अ‍ॅट्रोपिननंतरच्या मोठ्या बाहुलीवरून मेंदूविषयी निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात जीवघेणी चूक मण्यारच्या दंशात होते. माणूस रात्री जमिनीवर झोपलेला असतो, दंशाची खूण बहुतेक वेळा सापडतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या उतरतात, मग श्वास मंदावतो. या विषानं स्नायूंपर्यंत संदेशच पोचत नाही. बाहुल्याही मोठ्या आणि निश्चल होऊ शकतात. हात हलत नाही, डोळा हलत नाही, पण माणूस आतून जागा असू शकतो आणि आपलं बोलणं ऐकत असू शकतो. त्या बाहुल्या पाहून 'गेला' म्हणू नका, अ‍ॅम्बू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) थांबवू नका. कृत्रिम श्वासावर ठेवलेले असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात.

बाहुलीबरोबर पापणी मिटते का हेही पाहतात. त्यासाठी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला) कापसाची वात लावताना ती बाजूनं आणा. समोरून आणली तर रुग्ण भीतीनंच डोळा मिटतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला नको, कॉर्नियाला हलकेच लावा. स्पर्शाची जाणीव पाचवा मज्जातंतू नेतो, पापणी सातवा मिटवतो. अपघाताच्या रुग्णाची मान फिरवून डोळ्यांची हालचाल पाहायची नाही, जोवर मानेच्या मणक्याची इजा नाही असं ठरत नाही.

दोन बाहुल्यांत एक मिलिमीटरपेक्षा कमी फरक अनेक निरोगी माणसांतही असतो. हा फरक आधीपासूनच आहे का, ते मोबाइलमधला जुना फोटो मोठा करून पाहा. पण डोक्याला मार लागून गुंगीत जाणाऱ्या माणसाची एक बाहुली मोठी होत असेल तर कवटीत रक्त साचून तिसरा मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता आहे. तिथं फोटो शोधत बसू नका. लगेच न्यूरोसर्जनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा. चिठ्ठीवर दोन्ही बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये, प्रतिसाद, दिलेली औषधं आणि घड्याळातली वेळ लिहा. पुढच्या डॉक्टरला फरक त्यावरूनच कळणार आहे.