दमा आणि सीओपीडी एकत्र असल्याची शंका आल्यास काय करावे

लहानपणापासून दमा असलेल्या आणि पुढे अनेक वर्षे धूम्रपान केलेल्या किंवा धुरात काम केलेल्या माणसाला चाळिशीनंतर कायमची धाप लागू लागली, की जुना दमाच बळावला की सीओपीडी (श्वासनलिकांत कायमचा अडथळा निर्माण करणारा फुप्फुसांचा आजार) जडली, असा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा उत्तर ‘दोन्ही’ असे असते. दम्यासाठी काम करणारा ‘जीना’ आणि सीओपीडीसाठी काम करणारा ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय गटांनी २०१४ मध्ये याला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हटले, नंतर ‘सिंड्रोम’ हा शब्द गळाला, आणि २०२० पासून ‘गोल्ड’ने हा वेगळा आजार न मानता एकाच व्यक्तीतले दोन आजार मानायला सुरुवात केली. रुग्णाने या नामकरणात फार अडकू नये; आपल्या इन्हेलरमध्ये स्टिरॉइड आहे की नाही, हा प्रश्न त्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपला इतिहास कागदावर लिहून काढावा. त्रास कोणत्या वयात सुरू झाला, मधल्या काळात तो पूर्ण थांबत असे का, रात्री किंवा पहाटे वाढतो का, ॲलर्जी आहे का, घरात कोणाला दमा आहे का, हे त्यात यावे. धूम्रपानाचा हिशेब ‘पॅक-इयर’मध्ये करतात: रोज २० सिगारेटी वर्षभर ओढल्या तर एक पॅक-इयर होते. हा आकडा संकोचाने कमी सांगितला, तर निदान चुकण्याची शक्यता वाढते.

निदानासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, लागतेच. तपासणीपूर्वी कोणता इन्हेलर किती तास बंद ठेवायचा, हे आधी विचारून घ्यावे. आपल्या मनाने बंद करू नये. नळीत जोराने आणि शेवटपर्यंत फुंकायचे असते, आणि बहुतेकांची चूक शेवटाकडेच होते, कारण हवा संपली असे वाटले तरी तंत्रज्ञ सांगेपर्यंत फुंकत राहावे लागते. त्यानंतर साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन १०-१५ मिनिटांनी तीच तपासणी पुन्हा होते. औषधानंतरही पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण हवा यांचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिले, तर कायमचा अडथळा, म्हणजे सीओपीडीची बाजू दिसते. औषधाने पहिल्या सेकंदातील हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याची शक्यता विचारात येते. पण एवढी वाढ सीओपीडीतही आढळते. ती ४०० मिलिलिटरच्या वर गेली, तर दम्याचे पारडे बरेच जड होते. रक्तातील इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मायक्रोलिटरमागे ३०० किंवा त्याहून अधिक असल्या, तर इन्हेलरमधील स्टिरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

दम्याचा अंश असलेल्या रुग्णाने केवळ दीर्घकाळ श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधावर राहू नये, कारण स्टिरॉइडशिवाय ते घेतल्यास दम्याचा गंभीर झटका येण्याचा धोका वाढतो. सीओपीडीसाठी स्टिरॉइडविरहित इन्हेलर योग्य ठरतो, पण दम्याची जुनी नोंद कोणी पाहिलीच नाही, तर नेमकी हीच चूक घडते. म्हणून चिठ्ठी घेताना ‘यात स्टिरॉइड आहे ना?’ असे सरळ विचारावे. या स्टिरॉइडने सीओपीडीच्या रुग्णांत न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे ताप आला किंवा बेडक्याचा रंग बदलला, तर लगेच कळवावे.

औषध बरोबर असूनही गुण येत नसेल, तर प्रथम पंप घेण्याची पद्धत तपासावी. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश खोल श्वास घेत दाबायचा असतो. पावडरच्या इन्हेलरमध्ये मात्र श्वास जोरात ओढावा लागतो. दोन्ही प्रकार वापरणाऱ्यांची इथेच गल्लत होते. श्वास सुमारे १० सेकंद रोखून धरावा. फवाऱ्याला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) जोडल्यास औषध घशात कमी अडकते. शेवटी चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, अन्यथा तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.

धूम्रपान थांबवणे, फ्लू व न्यूमोकोकल लसी आणि झेपेल तेवढा नियमित व्यायाम हे दोन्ही आजारांत सारखेच लागू पडते. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तात्काळ आराम देणाऱ्या पंपानेही धाप कमी होत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि सर्व इन्हेलर सोबत न्यावेत.