रोबोटिक्सचे जुने किट शाळांना देताना या चुका टाळा

मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये पोटमाळ्यावर पडून असलेले लेगोचे, मेकॅनिक्सचे आणि रोबोटिक्सचे किट गोळा करायचे, साफ करायचे आणि महापालिकेच्या शाळांना किंवा जव्हार-मोखाड्याकडच्या आश्रमशाळांना द्यायचे, असे उपक्रम शाळा-कॉलेजांतली मुले आता स्वतःहून चालवू लागली आहेत. अशा गटांना मी तांत्रिक मदत करतो. मुलांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून येणारेही भेटतात, पण त्यांचा खोका उपयोगी निघाला तर माझी त्यालाही हरकत नाही. तक्रार आहे ती दरवर्षी त्याच त्या चुका पाहाव्या लागतात याबद्दल.

तुकडे रंगानुसार लावणे

सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते, आणि ती करताना मुलांना आपण फार शिस्तीत काम करतो आहोत असे वाटत असते. पश्चिम उपनगरातल्या एका गटाने सोसायटीच्या हॉलमध्ये बसून गोणीभर तुकडे रंगानुसार वेगळे केले आणि पारदर्शक डब्यांत भरले. लाल, पिवळे, निळे, काळे असे डबे रांगेत मांडल्यावर छायाचित्रे अर्थातच सुरेख आली. ते डबे पूर्व उपनगरातल्या एका शाळेत गेले आणि सातवीच्या वर्गाने मोटरवर चालणारी गाडी करायला घेतली. चाके मिळाली, मोटर मिळाली, पण चाकात बसणारा चार मापाचा एक्सल, म्हणजे दांडा, काही मिळेना. तो काळा असतो, आणि काळ्या डब्यात काळे बीम (भोकांच्या पट्ट्या), तुकडे जोडायच्या काळ्या पिना, काळे टायर आणि काळ्या केबली अशी सगळी भर होती. एक मुलगी कोपरापर्यंत हात घालून एक्सल बाहेर काढायची, चाकाला लावून पाहायची आणि लांब निघाला की बाजूला ठेवायची. शेजारचा मुलगा आवराआवर म्हणून तोच एक्सल पुन्हा डब्यात टाकायचा. तास संपला, बाईंनी डबे कपाटात ठेवले आणि ते कपाट त्या वर्षी त्या कामासाठी पुन्हा उघडले गेले नाही. यात बाईंचा मला काहीही दोष दिसत नाही. तीस-पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस मुलांनी एक्सल शोधत बसावे, अशी अपेक्षा करणाऱ्यानेच एकदा तो तास घेऊन पाहावा.

रंगीबेरंगी ढिगातून हव्या त्या रंगाचा तुकडा चटकन दिसतो, पण एकाच रंगाच्या ढिगातून हव्या त्या आकाराचा तुकडा दिसत नाही, एवढे साधे कारण यामागे आहे. म्हणून वर्गीकरण आकारानेच करावे: बीम, एक्सल, पिना, गिअर, चाके, जोडतुकडे. रंगाकडे लक्ष द्यायचे ते फक्त पिनांच्या बाबतीत, कारण लेगोच्या टेक्निक संचांतली काळी पिन घट्ट बसते आणि राखाडी पिन मोकळी फिरते. हातात घेतल्यावर दोन्ही जवळपास सारख्याच वाटतात, आणि फिरत्या सांध्यात राखाडीच्या जागी काळी बसली की तो सांधा जड होतो, मोटरवर विनाकारण ताण येतो आणि मुले ‘मोटर खराब आहे’ असे सांगत येतात. एक्सलसाठी मी डब्याच्या झाकणावर आठ-आठ मिलिमीटरच्या खुणा केलेली कागदी पट्टी चिकटवतो. लेगोचे एक माप आठ मिलिमीटरचे असल्याने चार मापाचा एक्सल ३२ मिलिमीटर भरतो, आणि तिसरीतले मूलही तो पट्टीवर ठेवून ओळखू शकते. नव्या संचांत जोड मापाचे एक्सल बहुधा काळे आणि विषम मापाचे राखाडी असतात, तरी जुन्या संचांत सगळेच काळे सापडतात; त्यामुळे इथे मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

याच चुकीचे मोठे भावंड म्हणजे अपुरा संच ‘जवळजवळ पूर्ण आहे’ म्हणून देऊन टाकणे. ईव्ही३ या लेगोच्या रोबोट-किटच्या शैक्षणिक मूळ संचात ५४१ तुकडे असतात, आणि त्यातले पाचशे असले तरी नेमके दोन गिअर नसतील तर पुस्तिकेतली प्रतिकृती अर्ध्यावर थांबते. पाच अर्धवट संचांतून दोन पूर्ण करावेत, उरलेले सुटे भाग म्हणून आपल्याकडे ठेवावेत. ‘पाच शाळांना मदत’ हा आकडा त्यामुळे दोनवर येतो, हे मला ठाऊक आहे. अहवालात कमी दिसते म्हणून हळहळणाऱ्यांना मी तुकडे मोजायला बसवतो. खोका बंद करण्यापूर्वी, तो कधीही न पाहिलेल्या एखाद्या शेजारच्या मुलाला त्यातून एक गाडी करायला सांगावे आणि आपण तोंड बंद ठेवून बसावे. त्याला कुठे अडते ते पाहिले की यादीत काय राहिले ते कळते.

सेल आत ठेवून देणे

दुसऱ्या चुकीची सुरुवात देणाऱ्याच्या घरी होते. लेगोचे जुने एनएक्सटी किट आणि त्यानंतरचे ईव्ही३ या दोन्हींच्या मुख्य ठोकळ्यात, म्हणजे मोटर आणि सेन्सर चालवणाऱ्या छोट्या संगणकात, सहा पेन्सिल सेल बसतात. मुलगा दहावीला गेला की किट माळ्यावर जाते आणि सेल आतच राहतात. मुंबईचे दोन-तीन पावसाळे गेले की झाकण उघडल्यावर स्प्रिंगांवर पांढरी-हिरवट पूड जमलेली दिसते. एका गटातल्या उतावळ्या मुलाने ही पूड ब्लेडने खरवडली आणि ठोकळा सुरू झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरवडताना स्प्रिंगवरचा मुलामाही निघाला होता, आणि पुढच्या पावसाळ्यात तो ठोकळा शाळेत गंजून बंद पडला. तो दुरुस्त करून घ्यायला त्या शाळेने जायचे कुठे, हा प्रश्न टाळ्या वाजवताना कोणालाच पडला नव्हता.

अल्कलाइन सेलमधून गळते ते अल्क असते, त्यामुळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून निथळलेला कापसाचा बोळा फिरवला की पूड विरघळते. स्वस्तातल्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे खायच्या सोड्याचे पाणी वापरावे. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ठोकळा रात्रभर पंख्याखाली ठेवावा आणि मग मल्टिमीटर लावून पाहावे. हातमोजे घालावेत, कारण ही पूड त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देते. हेअर ड्रायरचा गरम झोत मारून काम लवकर उरकण्याचा मोह मी माझ्या टेबलावर चालू देत नाही.

रिचार्जेबल लिथियम बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे ती खाचेत सपाट बसत नसेल, तर तिच्यावर कोणतेही प्रयोग करू नयेत. टोचू नये, दाबू नये, ‘एकदा चार्ज होते का पाहू’ तर मुळीच म्हणू नये. ती वेगळी ठेवून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये.

इथेच आणखी एक गोष्ट सुटते. साध्या सेलवर चालणारे किट दिले की दर काही आठवड्यांनी सहा नवे सेल विकत घ्यायला लागतात, आणि तो खर्च बहुतेक वेळा बाईंच्या किंवा सरांच्या खिशातून होतो. म्हणून प्रत्येक ठोकळ्यामागे निकेल-मेटल हायड्राइडचे सहा रिचार्जेबल सेल आणि एक चार्जर द्यावा. असे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट देतात आणि ठोकळा त्यावर व्यवस्थित चालतो. देणगीदाराकडे पैसे मागायचेच असतील तर ते छापील टी-शर्टपेक्षा या सेलसाठी मागावेत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

प्लास्टिकचे सुटे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून कोमट, म्हणजे ४० अंशांच्या आतल्या, साबणाच्या पाण्यात हाताने धुवावेत. मोटर, सेन्सर आणि केबल पाण्यात घालू नयेत. वॉशिंग मशीनचा सल्ला देणाऱ्यांनी आधी स्वतःच्या किटवर प्रयोग करावा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने डाग काढायला गेलात तर तुकड्यांचे एबीएस प्लास्टिकच विरघळेल. उन्हात वाळवल्यास पांढरे तुकडे पिवळे पडतात, आणि पावसाळ्यात अर्धवट वाळलेले डबाबंद केल्यास त्यांना कुबट वास येतो.

ईव्ही३ ची केबल टेलिफोनच्या केबलसारखी दिसते, पण तिच्या प्लगची कडी मधोमध नसून एका बाजूला असते. टेलिफोनची केबल दाबून बसवू नये.

एनएक्सटीचे सेन्सर ईव्ही३ वर चालतात. ईव्ही३ चे सेन्सर एनएक्सटीवर चालत नाहीत. त्यामुळे दोन पिढ्यांची मिसळ करताना कोणता भाग कोणत्या खोक्यात जातो ते लिहून ठेवावे. लेगोच्या नंतरच्या स्पाइक प्राइम किटचा कनेक्टरच वेगळा आहे, तो या दोन्हींत घालू नये.

आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाच्या किटमध्ये पिवळी बीओ मोटर (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) थेट बोर्डाच्या पिनेला जोडलेली दिसली तर आधी ती काढावी. पिनेतून मिळणारा प्रवाह मोटरला पुरत नाही आणि चिप जळू शकते. मध्ये एल२९३डी किंवा एल२९८एन ड्रायव्हर, म्हणजे मोटरला पुरेसा प्रवाह देणारी चिप, हवाच. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो सहज मिळतो, म्हणून ‘सध्या असेच चालवू’ याला निमित्त उरत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये किट घेऊन शाळेत जाऊ नये. तेव्हा परीक्षा असतात आणि खोका जूनपर्यंत न उघडता पडून राहतो.

शेवटी संगणक. लेगोने १९९८ मध्ये सुरू केलेली माइंडस्टॉर्म्स मालिका, म्हणजे एनएक्सटी आणि ईव्ही३ जिच्यात येतात ती, २०२२ च्या अखेरीस बंद केली, आणि सर्वांत जुन्या पिवळ्या आरसीएक्स ठोकळ्याला संगणकातून प्रोग्राम पाठवणारा यूएसबी टॉवर ६४-बिट विंडोजवर चालतच नाही. तो ठोकळा शाळेला देऊ नये, एखाद्या हौशी संग्राहकाला द्यावा. एनएक्सटी किंवा ईव्ही३ देतानाही शाळेच्या संगणकावर काय चालते ते आधी जाऊन पाहावे. तिथे सॉफ्टवेअर घालायला लागणारा पासवर्ड बहुधा शाळेत कोणालाच माहीत नसतो, आणि आर्डुइनोच्या स्वस्त बोर्डांना लागणारे सीएच३४० या चिपचे ड्रायव्हर सॉफ्टवेअरही त्याच कारणाने अडते. म्हणून मी पहिला तास संगणकाशिवायच घ्यायला सांगतो. एनएक्सटी आणि ईव्ही३ या दोन्ही ठोकळ्यांच्या पडद्यावरच बटणांनी छोटा प्रोग्राम रचता येतो. एनएक्सटीमध्ये तो पाच पायऱ्यांचा असतो. पुढे जा, अडथळा लागला की मागे ये, पुन्हा तेच कर, एवढे त्यात बसते. त्या बटणांचा क्रम मराठीत एका पानावर लिहून, ते पान लॅमिनेट करून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे.