छातीत जळजळ आणि जिवाची घालमेल: कसं ओळखावं, काय करावं

मागच्या हिवाळ्यात माझ्या वहिनीचं तीनदा असं झालं. रात्री सावजी रस्सा जेवून लगेच अंथरुणावर, आणि एकच्या सुमारास छातीत जळजळ, धडधड, बोटांना मुंग्या. "आता मी काही वाचत नाही" एवढंच ती म्हणे. शेजारच्या काकूंनी सांगितलं, रक्तात ॲसिड वाढलंय. मग महिनाभर रोज सकाळी खायच्या सोड्याचं पाणी. बीपी असलेल्या बाईला हे करू देणं बरोबर नव्हतं, सोड्यात सोडियम असतं.

पोटातलं ॲसिड आणि रक्तातलं आम्ल, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. जठररसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 1.5 ते 3.5 असतो. रक्ताचा मात्र एरवी 7.35 ते 7.45 च्या आतच राहतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो सांभाळतात. तर्री-पोहे किंवा संत्री खाल्ल्यानं तो हलत नाही.

सगळ्यात आधी हृदयाचा विचार करा. छातीवर दाब, हात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणं, यातलं काही असेल तर "गॅस असेल" म्हणून पडून राहू नका, 108 ला फोन करा. वय चाळिशीपुढचं असेल किंवा शुगर असेल तर जास्तच जपा.

दुखणं हृदयाचं नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल, तर पुढच्या वेळी श्वासाकडे बघा. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त आम्लधर्मी होण्याऐवजी उलट अल्कधर्मी होतं. त्यानं रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. मेंदूकडचा रक्तप्रवाह कमी होऊन चक्करही येते. वहिनीची बोटं तर चोचीसारखी जुळून आली होती. अशा वेळी भिंतीला टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकानं चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत हळू सोडा, असं पाच मिनिटं. तोंडावर कागदी पिशवी धरू नका, दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर ते अंगाशी येईल.

आम्लाचा भीतीशी संबंध मात्र अगदीच खोटा नाही. कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगवली की पॅनिकचा, म्हणजे अचानक प्रचंड घाबरण्याचा, त्रास असणाऱ्यांना भीतीचा झटका येऊ शकतो. उंदरांच्या मेंदूत भीतीशी निगडित भागात आम्ल ओळखणारी यंत्रणा 2009 मध्ये दाखवली गेली. पण त्यावर घरगुती उपाय नाही.

जळजळीसाठी जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, खाणं सोडा, हे मी हात जोडून सांगते. तंबाखूतल्या निकोटीननं अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि धडधडही वाढते, म्हणजे दोन्ही दुखण्यांना एकाच पुडीतून खतपाणी.

दोन आठवडे वही ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, आधी जळजळ की आधी धडधड. गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल, वजन उतरत असेल तर वही भरायची वाट बघू नका, डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो.

वहिनीच्या वहीत बहुतेक रात्री धडधड आधी लिहिलेली होती. तीच वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो.