नव्या फ्लूची धास्ती आणि कोकणातलं घर : या चुका टाळा

नव्या फ्लूची बातमी आली की बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये आधी मास्क संपतात, मग पॅरासिटामॉल, मग वाफेची यंत्रं. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा हे झालं, 2020 मध्ये तर सगळ्यांनीच ते पाहिलं. भीती खोटी नसते. घरात म्हातारी माणसं, मुलं मुंबईला, आणि पावसात दरड कधी कोसळेल याचा नेम नाही, अशा ठिकाणी जीवाला घोर लागणारच. पण खरेदी करून तो घोर जात नाही. घरात जास्त धोका कोणाला, ताप आला तर कधी आणि कुठे न्यायचं, नेणार कोण, एवढं आधी ठरलेलं हवं. नेमकं तेच ठरवायचं राहून जातं.

चूक पहिली : दुखणं अंगावर काढणं

सगळ्यात महागात पडते ती हीच. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत मिळालं तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. आपल्याकडे पहिले दोन दिवस काढ्यात जातात, तिसऱ्या दिवशी एखादं इंजेक्शन घेतलं जातं, आणि पाचव्या दिवशी धाप लागली की गाडीची शोधाशोध सुरू होते.

धडधाकट माणसाचा साधा फ्लू आराम, भरपूर पाणी, पेज आणि पॅरासिटामॉलवर आठवडाभरात उतरतो. त्याने पहिल्याच शिंकेला दवाखाना गाठायची गरज नाही. पण पासष्टीच्या पुढची माणसं, गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, आणि मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले यांनी वाट बघायची नाही. ताप आला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. ही नावं आजच कागदावर लिहा. त्याखाली 108 हा नंबर, आणि अपरात्री हाक मारली तर येईल अशा वाडीतल्या रिक्षावाल्याचा किंवा गाडीवाल्याचा नंबर. पावसात रेंज जाते, मोबाइल बंद पडतो. म्हणून कागद दाराजवळच्या भिंतीवर लावलेला बरा.

म्हाताऱ्या माणसांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. त्यांना फ्लू झाला तरी ताप येतोच असं नाही. जेवण तुटतं, माणूस नुसतं पडून राहतं, बोलण्यात गोंधळ होतो, संडासला जाताना तोल जातो. आणि मुंबईहून मुलाचा फोन आला की आई म्हणते, "माका काय झाला नाय, तू कामाक जा." तिला मुलाची रजा वाचवायची असते. म्हणून फोनवर "बरी आहेस ना?" एवढंच विचारू नका. सकाळी काय जेवलीस, लघवीला किती वेळा गेलीस, हे विचारा. तिला दोन मिनिटं बोलू द्या आणि नीट ऐका. एक वाक्य पुरं करताना ती मध्येच श्वासासाठी थांबत असेल, तर शेजारच्या काकूंना लगेच फोन करून तिच्याकडे पाठवा.

लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून मोजायचं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पीत नसेल, तर रात्र आहे, पाऊस आहे, हे बघायचं नाही. तसंच ताप उतरून माणूस हिंडायला लागलं आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा ताप, खोकला वाढला, तर ते बहुधा न्यूमोनियाचं लक्षण असतं.

ऑक्सिमीटर घरात असेल तर बॅटरी तपासून ठेवा. बोट थंड असेल, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. 94 च्या खाली आकडा राहत असेल तर निघा.

चूक दुसरी : पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूच समजणं

टीव्हीवर दिवसभर फ्लूच्या बातम्या असल्या की ताप आलेला प्रत्येक जण स्वतःच निदान करून मोकळा होतो. कोकणात हे धोक्याचं आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिलेल्या माणसाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) होऊ शकतो. त्यातही थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. पण पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात, पुढे लघवी कमी होते, डोळ्यांत पिवळेपणा येतो. फ्लूमध्ये बहुतेकदा घसा आणि कोरडा खोकला सोबत असतो. लेप्टोवर प्रतिजैविक चालतं आणि ते वेळेत द्यावं लागतं. फ्लू समजून घरी झोपवलेला माणूस चार दिवसांत किडनी निकामी होऊन अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा : लावणीला गेलो होतो, पायाला चीर होती, गोठा साफ केला होता. डेंग्यू आणि मलेरियाही याच दिवसांतले. दोडामार्ग, सावंतवाडीकडे 2016 पासून माकडतापाचे (जंगलातल्या गोचिडी चावून होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळले आहेत. तिथे काजूच्या हंगामात जंगलालगत काम केलं असेल किंवा आसपास माकड मेलेलं दिसलं असेल, तर तेही सांगायला हवं.

चूक तिसरी : घरातल्या पिशवीतून गोळ्या देणं

बहुतेक घरांत खिळ्याला अडकवलेली औषधांची एक पिशवी असते. ती आज खाली ओता. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या अर्ध्या पट्ट्या निघतील, ज्यांच्यावर ना नाव ना मुदत. त्या टाकून द्या. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. आणि कोविडच्या वेळी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कोणी जपून ठेवल्या असतील तर त्या स्वतःहून मुळीच घेऊ नका, फ्लूमध्ये त्या घातक ठरू शकतात.

सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये बहुधा पॅरासिटामॉल असतंच. ती गोळी आणि वर तापाची वेगळी गोळी, असा दुहेरी डोस नकळत जातो आणि यकृतावर भार येतो. मुलांच्या सिरपमध्ये तर आणखी गफलत होते : एका बाटलीत 5 मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम, दुसरीत 250. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला की डोस दुप्पट. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. मुलाचं वजन आणि मिलीचा आकडा डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, फ्लूमध्ये त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. निमेसुलाइड बारा वर्षांखाली द्यायला आपल्या देशात बंदी आहे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत मोठ्यांनीही आयब्युप्रोफेन टाळावं.

साठा करायचाच तर तो रोजच्या औषधांचा करा. आगोटीला आपण तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं भरतो, तशी बीपीची, साखरेची, दम्याची औषधं महिनाभर पुरतील एवढी घरात हवीत. फ्लूमध्ये ही औषधं चुकली की दुखणं दुप्पट होतं.

चूक चौथी : आजाऱ्याला माजघरात कोंडणं, आणि तापातच गावाला येणं

गार वारा लागेल म्हणून आजाऱ्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात, दारं-खिडक्या लावतात आणि भोवती सगळं घर बसतं. उलट करा. पडवीकडची, खिडकी उघडी राहील अशी खोली द्या, सेवा एकानेच करावी, दोघांनीही मास्क लावावा. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच ते सात दिवस पसरतो, मुलांकडून त्याहून जास्त.

गणपतीचा विषय नाजूक आहे, तरी बोलायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू वाढतो, आणि त्याच दिवसांत भरगच्च गाड्यांतून चाकरमानी येतात. वर्षातून एकदा घरी यायचं, त्यात अंग तापलेलं. "थांबा" म्हणणं जीवावर येतं. पण ताप असताना निघू नका. ताप औषधाशिवाय उतरून पुरा दिवस गेला की मग या, मास्क लावून या. आरतीला खळ्यात उभं राहिलं तरी देवाला पोचतं. आजीच्या मांडीवर डोकं ठेवायला मात्र चार दिवस थांबा.

वाफ, कापूर, काढा यांनी विषाणू मरत नाही. गुळण्या, आल्याचा चहा यांनी घशाला बरं वाटतं, ते जरूर घ्या. पण उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ मुलाला बसवू नका, भाजण्याचे अपघात असेच होतात. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

लस घ्यायची तर पावसाआधी घ्या. अंगात संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. विषाणू अगदीच नवा असला तर नेहमीची लस त्याला पुरेशी अडवेलच असं नाही, पण नेहमीच्या फ्लूपासून वाचवते, आणि गरोदर बाई व म्हाताऱ्यांसाठी तेवढंही मोठं आहे. सहा महिन्यांवरच्या मुलांना ती देता येते. सरकारी दवाखान्यात मिळते का, हे आशाताईंना विचारा.

चूक पाचवी : कोंबडी खाणं सोडणं आणि मेलेला कावळा हाताने उचलणं

बर्ड फ्लूची बातमी आली की लोक आधी चिकन बंद करतात. नीट शिजलेल्या कोंबडीतून, पूर्ण उकडलेल्या अंड्यातून तो होत नाही. 70 अंशांवर विषाणू टिकत नाही. धोका असतो कच्चं मांस आणि आजारी पक्षी हाताळताना. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. आवारात एकदम कोंबड्या किंवा कावळे मरायला लागले तर मुलांना दूर ठेवा, हात लावू नका, ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नका, आणि आजारी दिसते म्हणून घाईने कापून शिजवूही नका. अशा पक्ष्याला कोणी हात लावलाच असेल, तर साबणाने हात धुवा, आणि पुढच्या दहा दिवसांत ताप किंवा खोकला आला तर डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा.