सोसायटीच्या हॉलमध्ये तरुणांची जॅझ मैफल कशी भरवावी?

जॅझ शिकणारी पुण्यातली मुलं क्लासच्या परीक्षेत वाजवतात, फार तर कोरेगाव पार्कातल्या एखाद्या कॅफेत. रोज रियाज चालतो त्या इमारतीतल्या शेजाऱ्यांना मात्र भिंतीपलीकडून नुसते तुकडे ऐकू येतात. त्यांनी समोर बसून पूर्ण मैफल ऐकावी, असं मला फार वाटतं. जॅझमधलं बरंचसं जागच्या जागी सुचतं आणि समोरून आलेली दाद वाजवण्यात उतरते.

आधी तारीख आणि जागा ठरवा. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, पण तोवर सुट्ट्या लागून निम्मी सोसायटी गावाला गेलेली असते. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा एखादा शनिवार बरा. सवाई गंधर्व महोत्सवाचा आठवडा तेवढा टाळा. पन्नास-साठ माणसांचा बंद हॉल पुरे. पार्किंगमध्ये स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहानंतर तो बंदच. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवा.

तिकीट लावू नका. हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांसमोर वाजवलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. पैसे घेतलेत तर परवान्यांचा विषय येतो.

चार वादक पुरतात: ड्रम्स, बेस (खर्जातलं तारवाद्य), कीबोर्ड किंवा गिटार, आणि सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट. सहा रचना बसवा, जास्त नकोत. एक बारा बारचं ब्लूज हवंच (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड), एखादी संथ रचना हवी. आणि सी. रामचंद्रांची एक चाल जरूर घ्या. पुणतांब्यात जन्मलेल्या या संगीतकाराने १९५१ च्या ‘अलबेला’त गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि त्याच्या बँडला सोबत घेतलं होतं. चाल ओळखीची असली की वादक तिला कुठे घेऊन चाललाय, हे आजी-आजोबांनाही उमगतं.

आवाजाची काळजी सगळ्यात जास्त घ्या. छोट्या हॉलमध्ये ड्रम्सला आणि सॅक्सोफोनला माइक नकोच. ड्रमरला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरायला सांगा आणि ड्रम्सखाली जाड सतरंजी घाला; सेट सरकत नाही, फरशीवरचा घुमाराही कमी होतो. बेस आणि कीबोर्ड आपापल्या छोट्या अँप्लिफायरवर. बेसवाला ड्रमरच्या शेजारी हवा, कारण लय त्या दोघांच्या नजरेवर चालते. साउंडवाल्याला बोलावून मोठे स्पीकर लावलेत तर पुढच्या दोन रांगा उठून जातील.

डिसेंबरच्या गारठ्यात ट्रंपेट, सॅक्सोफोनचा सूर उतरतो. फुंकून वाद्य गरम झाल्यावरच सूर जुळवा, आणि मध्यंतरानंतर पुन्हा तपासा.

आता श्रोते. पहिल्या रचनेआधी एका मुलाने दोन मिनिटं मराठीत बोलावं, आणि बोलता बोलता वाजवून दाखवावं. सगळे मिळून मुखडा वाजवतात. मग तीच स्वरसंगतींची (कॉर्ड्सची) आवर्तनं चालू राहतात आणि त्यांवर एकेक जण आपली उपज करतो, म्हणजे जागच्या जागी सुचेल ते वाजवतो. शेवटी ड्रमर आणि बाकीचे चार-चार बार वाटून घेतात. हे आपल्या सतार-तबल्याच्या सवाल-जवाबासारखंच. मग परत मुखडा. ब्लूजवर हे पटकन कळतं, कारण बारा बार मोजता येतात. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची, हेही सांगा. आपला हात समेवर पडायला सवकलेला, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो, पण एकदा जमली की सगळा हॉल झुलायला लागतो. एकाची उपज संपली की रचना चालू असतानाच टाळ्या वाजवायच्या असतात, हे कुणी सांगितलं नाही तर आपले श्रोते सभ्यपणे गप्प बसतात आणि मुलं हिरमुसतात.

सोलो, म्हणजे एकेकाची उपज, लांबवू नका. नवख्याला दोन आवर्तनं भरपूर.

संपल्यावर लगेच आवराआवर करू नका. अर्धा तास वाद्यं तशीच ठेवा. लहान मुलांना ब्रश धरू द्या, बेसची जाड तार छेडू द्या. सॅक्सोफोनचा माउथपीस, म्हणजे फुंकायचा भाग, तेवढा कुणाच्या तोंडी देऊ नका. दाराशी एक वही ठेवा आणि पुढच्या वेळी काय ऐकायचंय ते लोकांना लिहू द्या. त्यातली एक चाल पुढच्या मैफलीसाठी बसवायला घ्या.