‘टू’ लावण्याआधी: इंग्रजी विशेषणाची आणि क्रियापदाची जोडी कशी जमवावी

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी बोलायला आणि लिहायला शिकवत मला पुण्यात बरीच वर्षं झाली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली स्पर्धा परीक्षेची मुलं, हिंजवडीत मुलाखतीला निघालेले इंजिनिअर, दुकान बंद करून रात्री आठला येणारे गृहस्थ, चूक सगळ्यांची एकच असते. ‘ईझी’, ‘हॅपी’, ‘शुअर’ असं विशेषण आलं की त्याला ‘टू’ आणि क्रियापद डोळे झाकून चिकटवायचं. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडात विशेषणांची लांबलचक यादी असते आणि वर लिहिलेलं असतं, ‘यांच्यानंतर टू येतो’. ती यादी पाठ करू नका. ‘टू’ येतो हे खरं असलं, तरी तो आल्यावर वाक्यातलं काम कोण करतं हे ती यादी सांगत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

विशेषण आणि ‘टू’वालं क्रियापद, म्हणजे इन्फिनिटिव्ह, तुम्हाला ओळखता येतं असं धरून चालते.

पहिली पायरी: गुण कुणाचा ते ठरवा

माझं सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर झालं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी म्हणाले, ‘आय ॲम डिफिकल्ट टू स्पीक इंग्लिश’. मला म्हणायचं होतं, ‘मला इंग्रजी बोलायला अवघड जातं’. समोरच्या बाईंनी पुढचे सगळे प्रश्न मराठीत विचारले आणि पाच मिनिटांत मुलाखत संपली. नेमकं कुठे चुकलं हे उमगायला मला पुढे दोन वर्षं लागली, कारण सुटा काढून पाहिला तर प्रत्येक शब्द बरोबर होता. इंग्रजी कानाला मात्र त्यातलं ‘आय ॲम डिफिकल्ट’ आधी ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ होतो, मी अवघड बाई आहे, माझ्याशी जुळवून घेणं कठीण.

दोष आपल्या ‘-ायला’चा आहे. पुस्तक वाचायला सोपं, तो यायला उत्सुक, चहा प्यायला गरम, ती जायला तयार. मराठीत सगळीकडे एकच प्रत्यय चालतो आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. इंग्रजीतही वरवर सगळं सारखंच दिसतं, पण आतली रचना वेगळी असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात हीच गोष्ट दोन छोट्या वाक्यांवर दाखवली होती: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतो. दुसऱ्यात जॉनला खूश करणारे दुसरेच कुणी आहेत. एक विशेषण बदललं आणि करणारा जॉन करून घेणारा झाला.

म्हणून ‘टू’ लावण्याआधी विचारा, हा गुण माणसात आहे की कामात? उत्सुकता, आनंद, भीती, तयारी माणसात असते. तिथे ‘आय ॲम’ने खुशाल सुरुवात करा: ‘आय ॲम हॅपी टू मीट यू’, ‘शी इज अफ्रेड टू आस्क’. सोपेपणा, अवघडपणा, सोय, धोका हे कामाचे गुण. तिथे ‘इट’ने सुरुवात करा: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू स्पीक इंग्लिश’. रोजच्या बोलण्यात मला त्याहून आवडतं ते ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टू स्पीक इंग्लिश’. हे एक वाक्य तोंडात बसवा, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

‘मराठीत मला आलं की इंग्रजीत फॉर मी लावा’ असा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. ‘मला भीती वाटते’ यातही ‘मला’ आहे, पण इंग्रजीत ते ‘आय ॲम अफ्रेड’ होतं. मराठी प्रत्ययावरून हा निवाडा होत नाही, अर्थावरूनच करावा लागतो.

शंका आली तर वाक्य उलटून बघा. ‘धिस बुक इज ईझी टू रीड’ उलटलं की ‘इट इज ईझी टू रीड धिस बुक’. अर्थ तोच राहिला, म्हणजे गुण कामाचा. ‘शी इज ईगर टू कम’ असं उलटताच येत नाही, म्हणजे गुण माणसाचा. परवा एका मुलीने मला कंपनीला पाठवायचा मेल दाखवला: ‘आय ॲम कन्व्हीनियंट टू कम ऑन मंडे’. मी तिला फक्त विचारलं, सोय तुझ्यात आहे का सोमवारी येण्यात? तिने पेन्सिलने ‘आय ॲम’वर काट मारली, वर ‘इट इज’ लिहिलं, जरा थांबली आणि ‘कन्व्हीनियंट’च्या पुढे बारीक अक्षरात ‘फॉर मी’ घातलं. यादी पाठ करून हे साधत नाही.

‘रेडी’ मात्र दोन्हीकडचा आहे. ‘द चिल्ड्रन आर रेडी टू ईट’ म्हणजे मुलं जेवायला बसायला तयार, आणि पाकिटावरचं ‘रेडी टू ईट’ म्हणजे आतला पदार्थ लगेच खाता येईल असा.

दुसरी पायरी: रिकामी जागा सांभाळा

‘धिस बुक इज ईझी टू रीड’मध्ये पुस्तक ‘रीड’च्या मागची आपली जागा सोडून वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलं आहे. त्याची जुनी जागा एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी आहे. रिकामी दिसते, पण तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही. त्यामुळे ‘धिस बुक इज ईझी टू रीड इट’ चूक. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक इट’ही चूक, ‘ड्रिंक’वर थांबायचं. ‘ईझी टू बी रेड’ असं लांबवायचीही गरज नाही.

आता खरी मेख. मराठीत म्हणतो, ही खुर्ची बसायला छान आहे. खुर्चीवर बसतो, पण या वाक्यातून ‘वर’ गळून जातो आणि कुणाला त्याची उणीव भासत नाही. इंग्रजीत तो गळत नाही. आपण ‘सिट ऑन द चेअर’ म्हणतो, म्हणून खुर्ची पुढे गेली तरी ‘ऑन’ मागे राहतो: ‘द चेअर इज कम्फर्टेबल टू सिट ऑन’. पेन लिहायला चांगलं, तर ‘गुड टू राइट विथ’. खोली राहायला छान, तर ‘नाइस टू लिव्ह इन’. माणूस बोलायला मोकळा, तर ‘ईझी टू टॉक टू’. शेवटी लोंबकळणारा हा ‘टू’ किंवा ‘इन’ पाहून मुलं बिचकतात, आणि शब्दयोगी अव्ययावर वाक्य संपवू नये असं कुणीतरी शाळेत सांगितलेलं त्यांना आठवतं. इथे तसंच संपवायचं. त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही.

ताळा सोपा आहे. पुढे गेलेला शब्द परत जागेवर आणून वाक्य म्हणा. ‘सिट द चेअर’ कानाला खटकलं, की ‘ऑन’ राहिला हे कळतं.

‘पॉसिबल’ इथे फसवतो. ‘धिस रिव्हर इज इम्पॉसिबल टू क्रॉस’ बरोबर, पण ‘पॉसिबल टू क्रॉस’ असं नदीला चिकटवत नाहीत. ‘इट इज पॉसिबल टू क्रॉस धिस रिव्हर’ म्हणतात. ‘ही इज पॉसिबल टू कम’ तर सरळ चूक. तिथे ‘ही मे कम’ म्हणा.

तिसरी पायरी: अंदाज कुणाचा

‘लाइकली’, ‘शुअर’, ‘सर्टन’ यांच्यात गुण माणसाचाही नाही आणि कामाचाही नाही, बोलणाऱ्याचा अंदाज आहे. ‘ही इज शुअर टू पास’ म्हणजे तो पास होणार याची मला खात्री, त्याला स्वतःला धाकधूक असली तरी. ‘ही इज शुअर ऑफ पासिंग’ म्हणजे खात्री त्याची त्याला. शिफारसपत्रात हा फरक महागात पडतो. दुसऱ्या वाक्याने तुम्ही मुलाचा आत्मविश्वास सांगता, त्याच्या यशाची हमी देत नाही. ‘प्रॉबेबल’ला मात्र माणूस आणि ‘टू’ चालत नाही. ‘ही इज लाइकली टू कम’ म्हणा, ‘प्रॉबेबल टू कम’ नको.

चौथी पायरी: ‘ऑफ’ की ‘फॉर’

वागणुकीबद्दल बोलताना ‘ऑफ’: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कम’. कामाबद्दल बोलताना ‘फॉर’: ‘इट वॉज ईझी फॉर यू टू कम’.

पाचवी पायरी: ‘टू’ नकोच असलेले शब्द

हे थोडे आहेत आणि पाठच करावे लागतात. ‘बिझी’ आणि ‘वर्थ’नंतर थेट ‘आयएनजी’: सिंहगड ‘वर्थ सीइंग’ आहे, ‘वर्थ टू सी’ नाही. ‘केपेबल’नंतर ‘ऑफ’, जरी त्याच अर्थाच्या ‘एबल’नंतर ‘टू’ येत असला तरी. ‘अकस्टम्ड’नंतर ‘टू’ दिसतो, पण तो वेगळा ‘टू’ आहे, त्याच्यापुढे बहुतेक ‘आयएनजी’ लागतो.

‘इंटरेस्टेड’बद्दल थोडं सविस्तर, कारण नोकरीच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात मला ‘आय ॲम इंटरेस्टेड टू वर्क’ दिसतं. ‘इंटरेस्टेड टू’ असतोच, पण काही कळण्याची उत्सुकता असेल तेव्हा: ‘इंटरेस्टेड टू नो’, ‘टू हिअर’, ‘टू सी’. काम करण्यात रस असेल तर ‘इंटरेस्टेड इन वर्किंग’.

सहावी पायरी: पडताळा

गूगलवर वाक्य टाकून ‘इतक्या जणांनी लिहिलंय म्हणजे बरोबर असेल’ असं समजू नका. तिथे तुमच्या-माझ्यासारख्यांनीच केलेल्या चुका परत समोर येतात. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. विशेषणाखाली ‘टू डू समथिंग’, ‘ऑफ डुइंग’ असे नमुने छापलेले असतात, आणि मुलं नेमके तेच सोडून नुसता अर्थ वाचतात. पुढे जायचं असेल तर ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ वापरा. कॉर्पस म्हणजे लोकांनी खरोखर वापरलेल्या भाषेचा मोठा संग्रह. १९९० ते २०१९ या काळातलं छापलेलं आणि बोललेलं इंग्रजी, १०० कोटींहून जास्त शब्दांचं, नाव नोंदवलं की इंटरनेटवर शोधता येतं. ब्रिटिश वापर पाहायचा असेल तर सुमारे १० कोटी शब्दांचा ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ आहे. शोधताना विशेषण, ‘टू’ आणि पुढे फुलीचं चिन्ह (*) टाका, म्हणजे त्या जागी कोणती क्रियापदं किती वेळा येतात ते उतरत्या क्रमाने दिसतं. सुरुवात ‘इंटरेस्टेड टू’नेच करा आणि वरची पाच क्रियापदं वहीत उतरवून घ्या.