वैमानिकाने मास्टर्स करावं का? आणि करायचंच ठरलं तर कसं?

उजव्या खुर्चीवरून डाव्या खुर्चीवर जायला मास्टर्सचा उपयोग शून्य. फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन होतो तो सीनिऑरिटी, तास, सिम्युलेटरमधले चेक आणि कमांड ट्रेनिंग (कॅप्टनपदाचं प्रशिक्षण) यांच्या जोरावर. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) बारावीला फिजिक्स-मॅथ्स आणि २०० तासांचं उड्डाण मागतं, एटीपीएलसाठी (कॅप्टनला लागणारं वरचं लायसन्स) १,५०० तास आणि वय २१ पूर्ण. पदवीचा रकाना कुठेच नाही. अमेरिकेतल्या डेल्टाकडे चार वर्षांच्या पदवीची अट होती, तीही जानेवारी २०२२ मध्ये गेली. त्यामुळे 'एमबीए केलं की लवकर कमांड मिळेल' असं कुणी सांगत असेल तर तो कोर्स विकतोय असं समजा.

मग करायचं कशासाठी? कारणं मोजकी आहेत आणि त्यातलं आपलं कोणतं हे ठरवल्याशिवाय फॉर्म भरू नये.

पहिलं कारण म्हणजे मेडिकल. क्लास वन मेडिकलवर, म्हणजे उडायला लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यावर, सगळा संसार उभा असतो. शुगर, हृदय, पाठीचा मणका, कशानेही 'टेम्पररी अनफिट' शिक्का बसतो आणि तो कधी कधी कायमचा होतो. अशा वेळी हातात डिग्री असलेली बरी, हे घरातले लोक म्हणतात ते खोटं नाही. पण नुसत्या डिग्रीने पंचेचाळिशीत जमिनीवरची नोकरी मिळत नाही. जमिनीवरच्या कामाचा अनुभव लागतो, आणि तो फिट असतानाच मिळवावा लागतो. सेफ्टी विभागात फ्लाइट डेटा मॉनिटरिंग (उड्डाणांच्या नोंदी तपासणं), ट्रेनिंग विभागात ग्राउंड क्लासेस, ऑपरेशन्समध्ये मॅन्युअल्सचं काम: कंपनीत असं काही मागून घ्या, आणि डिग्री त्याच्या जोडीला ठेवा. त्याआधी लॉस ऑफ लायसन्स (लायसन्स गेल्यास भरपाई देणारा) विमा आहे का, त्याची रक्कम किती, कोणत्या आजारांना तो लागू नाही, हे कागद काढून वाचा. हप्ता भरणाऱ्या दहाजणांपैकी किती जणांनी ती पॉलिसी शेवटपर्यंत वाचली असेल, शंकाच आहे. मास्टर्सच्या फीआधी हा खर्च.

दुसरं कारण म्हणजे व्यवस्थापनाकडे जायचं असणं: फ्लाइट सेफ्टी, ट्रेनिंग, ऑपरेशन्स. इथेही आधी लायसन्स, तास आणि इन्स्ट्रक्टर-एक्झामिनर म्हणून केलेलं काम बघतात. पण बजेट, मनुष्यबळ, ताफ्याचं नियोजन अशा बैठकांत बसायची वेळ आली की शिक्षणाचा फरक दिसतो. तिसरं कारण देश बदलण्याचं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर होणारी निवड) एकट्या अर्जदाराला शिक्षणाखाली बॅचलर्सचे १२० गुण आणि मास्टर्सचे १३५, शिवाय इंग्रजी चांगली असेल तर जोडगुणांत थोडी भर. म्हणजे एवढ्या गुणांसाठी दोन ते चार वर्षं. बाकी सगळं जुळत असेल आणि तेवढेच गुण कमी पडत असतील तरच हा हिशोब बसतो.

आवड हेही कारण आहे, पण मग 'करिअरसाठी करतोय' असं घरी सांगू नका.

आधी बॅचलर्स

इथे बरेचजण अडतात. बारावी, मग बारामतीला किंवा परदेशात फ्लाइंग, मग टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी), मग थेट नोकरी. मधे पदवी राहून गेलेली असते. सीपीएल हे लायसन्स आहे, पदवी नाही. त्याच्या जोरावर एमबीए किंवा एमएला मान्यताप्राप्त प्रवेश मिळत नाही. कुणी 'सीपीएलवर डायरेक्ट एमबीए' देत असेल तर तो बहुतेक वेळा नुसत्या सर्टिफिकेटचा कार्यक्रम असतो, नावात एमबीए असलं तरी.

पदवी नसेल तर इग्नूचं बीए किंवा बीकॉम कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मास्टर्सचा विचार बाजूला ठेवून हे उरकावं. ज्यांनी फ्लाइंगबरोबर बीएस्सी एव्हिएशन केलं आहे त्यांनी आपल्या मार्कशीटवर विद्यापीठाचं नाव आहे की फक्त संस्थेचं, एवढं एकदा तपासावं.

विषय कोणता घ्यावा

पुण्यात राहून नेहमीच्या कॉलेजात शिकायचं म्हटलं तर गोखले इन्स्टिट्यूटचं अर्थशास्त्र, विद्यापीठातलं वातावरणशास्त्र (हवामानाची आवड असलेल्या वैमानिकाला पुण्यासारखं शहर नाही, शिवाजीनगरला हवामान खातं आणि पाषाणला आयआयटीएम), आणि एमबीएची कॉलेजं तर गल्लोगल्ली. अडचण एकच: हजेरी. रोज सकाळचे वर्ग आणि रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) एकत्र नांदत नाहीत. शनिवार-रविवारचे एक्झिक्युटिव्ह कोर्सही आठवडी सुट्टी ठरलेल्या माणसासाठी आखलेले असतात. तुमची सुट्टी मंगळवार-बुधवारी पडते, आणि रविवारी तुम्ही गुवाहाटीत असता.

म्हणून व्यवहारात दूरशिक्षण किंवा ऑनलाइन. इग्नू, पुणे विद्यापीठाचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुण्यातली केंद्रं, सिम्बायोसिसचं दूरशिक्षण केंद्र. पीजीडीएम आणि एमबीए यांत फरक आहे: पहिला डिप्लोमा, दुसरी विद्यापीठाची पदवी. परदेशात दाखवायची असेल तर पदवीच घ्या.

ह्यूमन फॅक्टर्सच्या (माणसाच्या चुका, थकवा, वागणं यांचा अभ्यास) ओढीने मानसशास्त्रात एमए करावं असं अनेकांच्या डोक्यात येतं. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातली आहे, तेव्हा तो रस्ता बंद. त्या विषयातच जायचं असेल तर इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डचा सेफ्टी अँड ह्यूमन फॅक्टर्सचा एमएस्सी किंवा स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचा अर्धवेळ कार्यक्रम बघा. अमेरिकेतल्या एम्ब्री-रिडलचा एरोनॉटिक्समधला एमएस ३० क्रेडिटचा, ऑनलाइन, नऊ आठवड्यांच्या टर्ममध्ये. फी डॉलर-पौंडात, म्हणून कंपनी काही भाग देते का हे आधी विचारा. देत असेल तर त्याबरोबर बॉन्ड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) येतो का हेही. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी मनात असेल तर ऑनलाइन परदेशी पदवीला इथे समकक्षता मिळेल का, याचं लेखी उत्तर प्रवेशाआधी मिळवा.

कायद्याकडे वळणाऱ्यांसाठी एक इशारा: एलएलबी घरबसल्या होत नाही. बार कौन्सिलचा ७० टक्के हजेरीचा नियम आहे आणि नियमित उडणाऱ्याला तो झेपत नाही.

तासांचा हिशोब

इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ६४ क्रेडिटचा अभ्यासक्रम धरला तर १,९२० तास. दोन वर्षांत संपवायचा तर आठवड्याला साडेअठरा तास, चार वर्षांत तर सव्वानऊ.

आता रोस्टर समोर ठेवा. आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती आहे (१ जुलै २०२५ पासून, आधी ३६ होती). त्यातला पहिला दिवस झोप भरून काढण्यात आणि बँक-गॅस-मुलांच्या शाळेत जातो. दुसऱ्या दिवशी खरे चार तास. एखाद्या ले-ओव्हरला (बाहेरगावच्या मुक्कामाला) दोन, घरच्या स्टँडबायला (बोलावलं तर जायची तयारी ठेवून घरी असताना) दोन. झाले आठ. सव्वानऊला थोडे कमीच. म्हणजे चार वर्षांचा वेगही ओढूनताणूनच जमतो, दोन वर्षांचा जमत नाही. जे दोन वर्षांत करायला जातात ते झोपेतून तास काढतात, आणि इथेच खरी गडबड आहे. कंपनीने दिलेलं ऑफिसचं काम एफडीटीएलमध्ये (उड्डाण आणि ड्यूटीच्या तासांच्या मर्यादेचे नियम) ड्यूटी म्हणून मोजलं जातं. तुमचा स्वतःचा अभ्यास कुठेच मोजला जात नाही. पहाटे पाचच्या रिपोर्टिंगआधी रात्री साडेअकरापर्यंत असाइनमेंट लिहिली तर कागदोपत्री तुम्ही पूर्ण विश्रांती घेतलेले असता. पुण्याहून मुंबईच्या बेसवर ये-जा करणाऱ्यांचं तर आणखी अवघड: द्रुतगती मार्गावरचे तीन-चार तास आधीच झोपेतून गेलेले असतात. कॅबमध्ये वाचन होईल असं वाटतं. घाटात होत नाही. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकता येतात, तेवढंच.

साधा नियम ठेवा. मध्यरात्र ते सकाळी सहाच्या मधे ड्यूटी असेल तर त्याआधीच्या बारा तासांत पुस्तक उघडायचं नाही. सिम चेकच्या आधीचे दहा दिवसही नाही. तो चेक दर सहा महिन्यांनी येतो, म्हणजे वर्षातले वीस दिवस त्यातच गेले. वरच्या हिशोबातून तेही वजा करा.

परीक्षा आणि रजा

इग्नूच्या सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. विमान कंपनीत रजा मिळणं सर्वांत कठीण कधी? उन्हाळी सुट्टीत आणि नाताळच्या गर्दीत. हे जुळून आलेलं दुर्दैव गृहीत धरूनच चला. पेपरांच्या तारखा पक्क्या व्हायची वाट बघू नका. वार्षिक रजेचं बिडिंग (पसंतीच्या तारखा मागण्याची प्रक्रिया) उघडेल तेव्हाच जूनचा एक आठवडा मागा. एका सत्रात सगळ्या पेपरांची फी भरू नका, तीन-चारच भरा. पेपर सकाळी असेल तर आदल्या रात्री उशिरा संपणारं सेक्टर (उड्डाण) बदलून घ्या. हुकलाच तर पुढच्या सत्रात पुन्हा फी भरून बसता येतं, आणि तुमच्या बाबतीत एखादा पेपर नक्की हुकणार आहे.

कधी करू नये

टाइप रेटिंग आणि लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) चालू असताना नाही. कमांड अपग्रेडच्या आधीचं एक वर्ष आणि कमांड मिळाल्यानंतरचे पहिले सहा महिने नाही. दुसऱ्या जातीच्या विमानावर जात असाल तर नाही. फर्स्ट ऑफिसर म्हणून हात बसलेला आहे आणि अपग्रेड अजून दोन-तीन वर्षं लांब आहे, तो काळ सगळ्यांत सोयीचा.

नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायचं असेल तर नीट विचार करा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रवेशाचं पत्र एप्रिलमध्ये आणि वर्ग जूनमध्ये, हे गणित त्यात बसत नाही. शिवाय ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झाले नाहीत की रिसेन्सी (अलीकडे उडवल्याची अट) जाते, मग सिम्युलेटर, मग रीफ्रेशर. आणि परत आल्यावर सीनिऑरिटी शेपटापासून. बिनपगारी स्टडी लीव्ह मिळत असेल तर सीनिऑरिटी टिकते का, हे पत्रात लिहून घ्या. फोनवरच्या आश्वासनाला किंमत नाही.

फॉर्म भरताना

दूरशिक्षण किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा (डीईबी) डीईबी-आयडी लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक). दोन्ही आधारशी जोडलेले. डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन त्या विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमाची, त्याच वर्षाची मान्यता आहे का बघा. विद्यापीठ मान्य आहे एवढ्यावर भागत नाही. मान्यता अभ्यासक्रमागणिक मिळते आणि काढलीही जाते.

नाव जुळवून घ्या. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लायसन्सवर वडिलांचं नाव आहे, आधारवर फक्त आद्याक्षर, असं आपल्याकडे सर्रास असतं. प्रवेशाच्या वेळी कुणी अडवत नाही. चार वर्षांनी पदवीची पडताळणी परदेशात जाते तेव्हा अडतं, आणि विद्यापीठाच्या खिडकीवर पदवीवरचं नाव बदलून घेण्यापेक्षा प्रवेशाआधी आधार दुरुस्त करणं फार सोपं आहे.